गणना २६ मधली कुळांची नावं: ही माणसं होती की गावं?

वाचनवेडी

नमस्कार मंडळी. आमच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी बायकांचा शास्त्राभ्यास असतो आणि या वेळी बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा २६वा अध्याय माझ्या वाट्याला आलाय. ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत असेल, तो सगळा अध्याय म्हणजे शिरगणती आहे, हनोखापासून हनोख्यांचे कूळ, पल्लूपासून पल्लूवांचे कूळ, असं पानभर चालूच राहतं. बहुतेक जणी हा भाग भराभर वाचून पुढे जातात, मीपण आजवर तेच केलं. पण आता समजावून सांगायचंय तर नुसती नावं वाचून कसं चालेल.

माझे प्रश्न असे की या नावांना अर्थ आहेत का, म्हणजे आपल्याकडे आडनावांना असतात तसे? आणि ही सगळी खरोखर एकेका माणसाची नावं आहेत का? कारण त्यात शखेम पण आहे आणि शखेम तर शहराचं नाव आहे, अब्राहाम तिथे गेला होता! तिसरं म्हणजे मनश्शे वंशाच्या यादीत मधेच सलाफहादाच्या पाच मुलींची नावं येतात, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. एवढ्या पुरुषांच्या यादीत या पाच जणी कशा आल्या? पुढच्या अध्यायातली त्यांची गोष्ट माहीत आहे, पण नावं इथे आधीच का दिलीत ते कळत नाही. कुणाला हिब्रू येत असेल तर प्लीज सविस्तर सांगा, वेळ आहे माझ्याकडे, रविवार लांब आहे.

जुनी_लिपी

ताई, छान प्रश्न आहे, हा अध्याय लोक सोडून देतात याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आधी रचना समजून घ्या म्हणजे नावं आपोआप जागेवर बसतील. तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात मोठा तो वंश, हिब्रूत त्याला शेवेत किंवा मत्ते म्हणतात आणि दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ काठी. त्याच्या खाली कूळ, म्हणजे मिशपाहा. आणि त्याच्या खाली बेत-आव, शब्दशः बापाचं घर, आपण घराणं म्हणू. यहोशवाच्या ७व्या अध्यायात चोरी केलेल्या आखानाला चिठ्ठ्या टाकून शोधतात ना, तिथे ही उतरंड अगदी स्पष्ट दिसते, आधी यहूदा वंश निघतो, मग जेरहाचं कूळ, मग जब्दीचं घराणं, आणि शेवटी तो एकटा माणूस उभा राहतो. शौलाला राजा निवडतात तेव्हा पण तसंच, बन्यामीन, मग मात्रीचं कूळ, मग कीशाचा मुलगा. गणना २६ मधली यादी मधल्या पायरीची आहे, कुळांची. आणि गावातल्या माणसाचं रोजचं जगणं याच पायरीवर होतं, जमीन कुणाची, विहीर कुणाची, विधवेला कोण सांभाळणार, कर्जात गेलेलं शेत कोण सोडवणार, हे सगळं कूळ बघायचं.

आता ते हनोखापासून हनोखी. हिब्रूत शेवटी -ई लावला की त्या माणसाचे, त्या गावाचे, त्या लोकांचे असा अर्थ होतो. अरबीतही हाच प्रत्यय आहे, दोन्ही भाषा बहिणी आहेत. मुंबई-पुण्याच्या बगदादी ज्यूंचं बगदादी हे नाव याच प्रत्ययाने झालंय. गंमत अशी की हा -ई माणसाच्या नावालाही लागतो आणि गावाच्या नावालाही, त्यामुळे नुसतं हेब्रोनी म्हटलं तर हेब्रोन नावाच्या पूर्वजाचे की हेब्रोन गावचे हे शब्दावरून कळतच नाही. लेव्यांच्या यादीत बघा, वचन ५८, लिब्नी, हेब्रोनी, महली, मूशी, कोरही. हेब्रोन हे मोठं गाव आणि लिब्ना हेही गाव. तुमचा शखेमचा प्रश्न इथेच येतो.

घाटावरचा

नावांचे अर्थ तर उत्पत्ति २९-३० मध्ये स्वतः याकोबाच्या बायका लेआ आणि राहेल यांनीच सांगितलेत की. रऊबेन म्हणजे पाहा मुलगा, शिमोन म्हणजे ऐकलं, लेवी म्हणजे जडला, यहूदा म्हणजे स्तुती, दान म्हणजे न्याय केला. मग वेगळं शोधायची गरज काय? शास्त्रात अर्थ दिलाय तो अर्थ.

जुनी_लिपी

दादा, ते अर्थ मी नाकारत नाही, उलट ते मला फार आवडतात, कारण त्यात दोन बहिणींची सगळी तगमग आहे. एकीला नवऱ्याचं प्रेम हवंय आणि दुसरीला मूल, आणि प्रत्येक बाळाच्या नावात ते उतरतं. पण ती नावाशी जुळणाऱ्या आवाजावरून केलेली सांगड आहे, आणि हे त्या काळच्या लोकांनाही माहीत असावं, कारण योसेफच्या बाबतीत एकाच श्वासात दोन अर्थ दिलेत, आधी देवाने माझी निंदा दूर केली म्हणून आणि लगेच अजून एक मुलगा वाढवो म्हणून. नाशिकला शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक असं आपण सांगतो ना, ती गोष्ट नाशिककराला आपली वाटते, शब्दाची व्युत्पत्ती मात्र वेगळ्या वाटेने शोधावी लागते, तसं.

बन्यामीनचंच घ्या. बेन म्हणजे मुलगा आणि यामीन म्हणजे उजवा. पण हिब्रू माणूस दिशा मोजताना पूर्वेला तोंड करून उभा राहतो, मग उजव्या हाताला काय येतं? दक्षिण! आपल्या दक्षिण शब्दाचेही हेच दोन अर्थ आहेत, उजवा आणि दक्षिण दिशा, प्रदक्षिणा उजवीकडून घालतो ती त्याच शब्दातली. म्हणजे बन्यामीनी हे दक्षिणेचे लोक, आणि नकाशात बघितलं तर त्यांचा छोटासा प्रदेश एफ्राइमच्या डोंगराळ मुलखाच्या बरोबर दक्षिणेला लागून आहे. युफ्रेटिसच्या काठावर मारी नावाचं जुनं शहर आहे, आजच्या सीरियात, तिथे १९३३ पासून उत्खनन झालं आणि इसवीसनपूर्व १८व्या शतकातल्या हजारो मातीच्या पाट्या मिळाल्या, त्यात भटक्या पशुपालकांचे दोन मोठे गट येतात, एक उजवीकडचे म्हणजे दक्षिणेचे आणि दुसरे डावीकडचे म्हणजे उत्तरेचे. ते आणि बायबलमधले बन्यामीनी एकच असं म्हणायला आधार नाही, मी तसं म्हणत नाहीये, पण दिशेवरून लोकांना नाव पडायची पद्धत त्या भागात किती जुनी होती ते कळतं. आणि एक सांगतो, शास्ते २० मध्ये याच उजव्या हाताच्या लोकांत ७०० डावखुरे गोफणवाले आहेत, केसालाही नेम धरणारे, आणि शास्ते ३ मधला बन्यामीनी एहूदही डावखुरा. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम टिपलंय असं मला वाटतं.

एफ्राइमचंही तसंच. उत्पत्तीत अर्थ फलद्रूप असा आहे, पण शेवटचं -आइम हे गावांच्या आणि प्रदेशांच्या नावांत दिसतं, म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की एफ्राइम आधी डोंगराचं नाव आणि मग तिथल्या लोकांचं. गाद म्हणजे नशीब, आणि यशया ६५:११ मध्ये मूळ हिब्रूत गाद हे एका भाग्यदेवतेचं नाव आहे जिच्यासाठी लोक मेज मांडतात. गादचा तर बायबलबाहेर पुरावा आहे, मवाबचा राजा मेशा याचा काळा दगड १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधल्या धिबानला सापडला, आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, साधारण इसवीसनपूर्व ८४० चा. त्यात मेशा लिहितो की गादचे लोक अटारोथच्या भागात पूर्वापार राहत होते. शत्रूच्या राजाने दिलेली साक्ष आहे ती.

आणि शास्ते ५ मधलं दबोरेचं गीत वाचा, बायबलमधल्या सगळ्यात जुन्या कवितांत ते धरतात. त्यात लढाईला कोण आलं आणि कोण आलं नाही त्याची यादी आहे. तिथे मनश्शे नाही, त्याचा मुलगा माखीर आहे. गाद नाही, गिलाद आहे, आणि गिलाद हे तर सरळसरळ प्रदेशाचं नाव. यहूदाचा उल्लेखच नाही. म्हणजे बारा वंशांची ठरलेली यादी सुरुवातीपासून तशीच्या तशी नव्हती, कुळं जुळत गेली, फुटत गेली, काही वर आली काही मागे पडली, आणि वंशावळीत हे सगळं बाप-मुलगा-भाऊ या भाषेत लिहिलं गेलं.

वाचनवेडी

बापरे, दक्षिण शब्दाचं वाचून अंगावर काटा आला. पण मग शखेम? आणि माझ्या पाच मुली राहिल्या.

खापरखुणा

मुलींचं मी सांगते, हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे त्यामुळे लांब होईल, सांभाळून घ्या.

शोमरोन म्हणजे उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी. तिथे १९१० मध्ये हार्वर्डच्या लोकांनी खोदकाम केलं, रायझनर त्यांचे प्रमुख, आणि राजवाड्याच्या भागात त्यांना शाईने लिहिलेली खापरं मिळाली, फुटलेल्या मडक्यांचे तुकडे, शंभराच्या आसपास, त्यातली साठेक नीट वाचता येतात. आता ती इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहेत. काळ इसवीसनपूर्व ८व्या शतकाचा पूर्वार्ध. मजकूर अगदी साधा, हिशेबाचा, दहाव्या वर्षी, अमुक ठिकाणाहून, अमक्याला, जुन्या द्राक्षारसाचं एक मडकं. किंवा धुतलेल्या तेलाचं एक मडकं. कुणातरी कारकुनाने माल आल्यावर टिपून ठेवलेलं, ते जपून ठेवायचं असं त्याच्या मनातही नसेल.

आणि त्या अमुक ठिकाणाच्या जागी कोणती नावं आहेत माहितीये? अबियेजेर. हेलेक. शखेम. शमीदा. अस्रीएल. आता गणना २६ उघडा, वचन ३० ते ३३, आणि यहोशवा १७ उघडा. तीच. मनश्शेची कुळं. (गणनात अबियेजेरचं इयेजेर झालंय, आखूड रूप आहे, गोंधळू नका.) म्हणजे राजाच्या कोठारात माल येत होता तो या कुळांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागांतून, आणि काही खापरांवर कुळाच्या नावापुढे गावाचं नावही आहे, त्यावरून अभ्यासकांनी नकाशा काढलाय, शोमरोनच्या आजूबाजूच्या डोंगरात कोणतं कूळ कुठे होतं त्याचा. तेव्हा ताई, तुम्ही विचारलंत माणसं की गावं, तर त्या कारकुनासाठी तरी ती जमीन होती. कूळ आणि त्याची जमीन यांना दोन वेगळी नावं लागतच नव्हती.

आता ऐका. त्याच खापरांवर अजून दोन नावं आहेत. नोआ आणि होग्ला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बसून राहिले होते. ज्या मुलींनी मोशेसमोर उभं राहून म्हटलं की आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसावं, आम्हाला वतन द्या, त्यांच्यातल्या दोघींची नावं वतनाची नावं म्हणून, तेल आणि द्राक्षारसाच्या हिशेबात, ८व्या शतकातल्या खापरांवर आहेत. आणि यहोशवा १७ मध्ये हिशेब लावून बघा, मनश्शेला यार्देन नदीच्या अलीकडे दहा वाटे मिळाले असं म्हटलंय. यादीत मनश्शेचा नातू म्हणून दिलेल्या गिलादाची मुलं सहा, त्यातला हेफेर सोडला तर पाच, आणि हेफेरचा वाटा त्याच्या पाच नातींना, म्हणजे सलाफहादाच्या मुलींना, पाच आणि पाच दहा. नावं यादीत आधीच का दिलीत याचं उत्तर माझ्या मते हे आहे, ती यादी जमीन वाटपासाठी केली होती, वचन ५३ मध्ये तसं लिहिलंयच, आणि या पाच जणी जमिनीच्या धनी आहेत म्हणून कुळांच्या यादीत आहेत.

कुणी म्हणेल आधी मुली होत्या की आधी पाच गावं होती आणि त्यांच्यावरून गोष्ट रचली. अभ्यासकांत दोन्ही मतं आहेत. माझ्यापुरतं मी म्हणेन की कसंही असो, कुणीतरी त्या जमिनीला बायकांची नावं शतकानुशतकं राहू दिली.

अर्थ विचारले होतेत ना, तर होग्ला म्हणजे तितर, आजच्या हिब्रूतही तिथल्या खडकाळ डोंगरातल्या तितराला हेच नाव आहे, आणि तो पक्षी म्हणजे आपला चकोर. मिल्का म्हणजे राणी. आणि नोआ हे तारवातल्या नोहापेक्षा वेगळं नाव आहे, मराठीत जवळजवळ सारखं वाटतं पण हिब्रूत स्पेलिंग वेगळं, नोआचा संबंध हलण्याशी, डोलण्याशी आहे. वर्गात कुणीतरी नक्की विचारेल, तयार राहा.

रेवदंडा_ते_दिमोना

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, आजोबा रेवदंड्याचे, आता कुटुंब दिमोनात असतं, घरी अजून मराठीच. हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्यात वंशाचं नाव टिकलं नाही, आम्ही रऊबेनचे की नफतालीचे हे कुणी सांगू शकत नाही. कोकणात आमची ओळख गावावरून, पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, किहीमचे ते केहीमकर. लहानपणी मला वाटायचं की हे आमचं मराठी झालेलं रूप, खरी हिब्रू पद्धत म्हणजे अमक्याचा मुलगा तमका, आणि आमच्याकडे काहीतरी हरवलंय. मग इथे आल्यावर हिब्रूत एज्राचा २रा अध्याय वाचला, बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांची यादी. सुरुवात होते बेने परोश, २१७२. म्हणजे परोशाची मुलं. पुढे जात जात २१व्या वचनात येतं बेने बेथलेहेम, १२३. बेथलेहेमची मुलं! माणसाचं नाव नाही, गावाचं. आणि लगेच पुढे नटोफाची माणसं ५६, अनाथोथची माणसं १२८. बेने म्हणजे मुलं हा शब्द ते गावालाही तसाच लावत होते. बेथलेहेमकरच की ते! त्या दिवसापासून माझ्या मनातून ते हरवल्याचं गेलं.

त्याच अध्यायात अजून एक बघा, ६१वं वचन, बर्जिल्लयाचं याजक घराणं. गिलादी बर्जिल्लयाच्या मुलीशी एकाने लग्न केलं आणि सासऱ्याच्या घराण्याचं नाव घेतलं. बर्जेल म्हणजे लोखंड. पुढे त्यांनी आपली वंशावळीची नोंद शोधली, सापडली नाही, आणि त्यांना याजकपणातून बाजूला ठेवलं. नावाची नोंद म्हणजे केवढी गोष्ट होती तेव्हा.

वाचनवेडी

दादा, बेथलेहेमकर हे मी वर्गात सांगणारच, तुमची परवानगी आहे असं धरते. परोश म्हणजे काय पण? मी ऑनलाइन बघितलं तर पिसू असं आलं, ते बरोबर आहे? असं कुणी कुळाचं नाव ठेवेल का?

जुनी_लिपी

बरोबर आहे ताई, पिसूच. आणि एकटं नाही ते, त्याच यादीत हगाबा आहे, टोळ. शाफान म्हणजे खडकात राहणारा सशाएवढा प्राणी, योशीया राजाच्या चिटणीसाचं नाव, आणि यरुशलेमात १९८२ मध्ये मातीचं छोटं शिक्कामोर्तब सापडलं त्यावर शाफानाचा मुलगा गमऱ्या असं नाव आहे. कालेब आणि कुत्रा हे शब्द हिब्रूत सारख्याच अक्षरांनी लिहितात. यावरून १९व्या शतकात रॉबर्टसन स्मिथ या स्कॉटिश अभ्यासकाने मांडलं होतं की ही सगळी कुळं प्राण्यांना कुळाचं दैवत मानत असणार, आपल्याकडच्या देवकासारखं म्हणा. पण देवक असेल तर त्याच्यासोबत पाळायचे नियम असतात, लग्नाचे, खाण्याचे, आणि इस्राएलच्या कुळांत प्राण्याच्या नावाशी जोडलेला असा नियम कुठे दिसत नाही, म्हणून आज हे मत फारसं कुणी धरत नाही. लाडाने, दृष्ट लागू नये म्हणून किंवा स्वभावावरून पडलेली नावं पुढे घराण्याला चिकटली असतील हे मला जास्त पटतं. आपल्यातही दगडू, धोंडू ठेवतातच.

त्यापेक्षा तुमच्याच अध्यायातलं इस्साखारचं बघा, वचन २३. तोला आणि पूवा, दोन सख्खे भाऊ. तोला म्हणजे किडा, पण कुठलाही किडा नाही, ज्याच्यापासून किरमिजी रंग काढतात तो, निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या पवित्र तंबूच्या पडद्यांना जो किरमिजी रंग आहे त्याला हिब्रूत तोलाआत शानी म्हणतात. आणि पूवा किंवा पुआ म्हणजे ज्या झाडाच्या मुळापासून लाल रंग निघतो ते, आपल्या मंजिष्ठेचं भावंड. दोन्ही कुळं लाल रंगाची! योगायोग असू शकतो, पण रंगाऱ्यांची कुळं असतील असा विचार माझ्या मनात येतोच, कारण धंद्यावरून कुळं होती याला १ इतिहास ४ मध्ये स्पष्ट आधार आहे, तिथे तागाचं कापड विणणाऱ्या घराण्याची कुळं आहेत, राजासाठी काम करणारे कुंभार आहेत, आणि एक जण तर कारागिरांच्या खोऱ्याचा बाप आहे. खोऱ्याचा बाप! २ऱ्या अध्यायातही तसंच, सल्मा बेथलेहेमचा बाप, शोबाल किर्याथ-यारीमचा बाप. ही वंशावळ नकाशासारखी वाचली की एकदम उलगडते.

वाचनवेडी

मंडळी, रविवार झाला! तास संपून गेला तरी कुणी उठलं नाही. मी नावं एकेक करून वाचली आणि फळ्यावर मोठा नकाशा काढला होता, अबियेजेर म्हटल्यावर एकीने लगेच ओळखलं की शास्ता गिदोन त्याच कुळाचा, मग शास्ते ६ काढून वाचलं, माझं कूळ मनश्शेत सगळ्यात दुबळं आहे असं तो म्हणतो ते. खापरांचं सांगताना माझाच आवाज भरून आला. तर आमच्यातल्या एक आजी, त्यांना स्वतःला माहेरच्या जमिनीवर सही करून हक्क सोडायला लावला होता तरुणपणी, त्या बराच वेळ गप्प होत्या आणि शेवटी त्यांनी विचारलं, नोआ आणि होग्लाची नावं मिळाली, मग बाकीच्या तिघींचं काय झालं? मला उत्तर देता आलं नाही, खापरखुणा ताई तुम्ही सांगा.

खापरखुणा

आजींना माझा नमस्कार सांगा.

तिरसाचं सांगता येतं. तिरसा हे शहर झालं, आणि साधंसुधं नाही, शोमरोन बांधायच्या आधी उत्तरेच्या राज्याची राजधानी तिथे होती, अम्री राजाने पहिली सहा वर्षं तिथूनच राज्य केलं, १ राजे १६ मध्ये आहे. आज तेल एल-फारा म्हणतात ती टेकडी तिरसा मानतात, शखेमच्या ईशान्येला, १९४६ पासून फ्रेंच लोकांनी तिथे खोदलं, घरांच्या भिंती आहेत. आणि गीतरत्न ६:४ त्यांना वाचून दाखवा, प्रियकर प्रियेला म्हणतो तू तिरसेसारखी सुंदर आहेस, आणि तिरसा आधी, यरुशलेम नंतर.

महला आणि मिल्का अजून कुठल्या खापरावर सापडलेल्या नाहीत.